सर्व्हिस सुरू होते आणि लगेच थांबते: पोर्ट रिकामं दिसतं, तरी पोस्टग्रेसला मिळत नाही

"दादा, आज परत तेच."

सकाळी साडेनऊच्या सुमाराला वाचनालयातून ताईंचा फोन आला की पुढचं सगळं मला पाठ झालं होतं. देवघेवीच्या काउंटरवर पाच-सहा माणसं उभी, स्क्रीनवर ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’, आणि ताई एका जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर सभासद क्रमांक आणि पुस्तकाचा दाखल क्रमांक पेनने उतरवून घेतायत. दुपारी मशीन चालू झालं की तीच पानं बघून नोंदी परत टंकायच्या. दिवाळी अंकांची योजना सुरू असताना हे आठवड्यात दोनदा झालं, तेव्हा मात्र मी हातातली बाकीची कामं बाजूला ठेवली.

हे सगळं सविस्तर लिहायचं कारण असं की या दुखण्याचं दिसणारं लक्षण आणि खरं कारण यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. मी चार महिने चुकीच्या जागी खणत होतो. तुमच्याकडे विंडोजवर पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर सर्व्हिस म्हणून, म्हणजे पार्श्वभूमीला, चालत असेल, कधी चालतं आणि कधी चालत नाही असं होत असेल, तर तुमचे चार महिने वाचतील. आज्ञा खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.

मांडणी साधी आहे. विंडोज १० चं एक मशीन आतल्या खोलीत, त्यावर पोस्टग्रेसची १२ वी आवृत्ती, पोर्ट, म्हणजे बाकीचे संगणक ज्या क्रमांकाच्या दारातून त्याच्याशी बोलतात ते, नेहमीचं ५४३२. बाहेर काउंटरवर दोन आणि संदर्भ विभागात एक संगणक, तिन्ही त्या मशीनला जोडलेले. सर्व्हिसचा प्रकार ‘ऑटोमॅटिक’, म्हणजे मशीन चालू झालं की कोणी लॉगिन न करताही डेटाबेस उभा राहायला हवा. बरीच वर्षं राहतही होता.

बिघडलेल्या दिवशी सर्व्हिसेसची यादी उघडली की पोस्टग्रेससमोर ‘रनिंग’ नाही, जागा कोरी. उजवं क्लिक करून ‘स्टार्ट’ म्हटलं की हिरवी पट्टी अर्धवट सरकते आणि चौकट येते: सर्व्हिस सुरू झाली आणि मग थांबली, काही सर्व्हिसेस दुसरं कोणी वापरत नसेल तर आपोआप थांबतात. या वाक्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. पोस्टग्रेस ‘कोणी वापरत नाही’ म्हणून थांबणाऱ्यातलं नाही. चौकटीचा अर्थ एवढाच की प्रोग्राम उठला, काहीतरी खटकलं, आणि तो बाहेर पडला. काय खटकलं ते विंडोजला माहीत नाही. ते पोस्टग्रेसने दुसरीकडे लिहून ठेवलेलं असतं.

तिथे बघायच्या आधी मी काय काय केलं ते सांगतो, कारण तुम्हीही बहुधा तेच करत असाल.

आमच्या भागात दुरुस्तीसाठी गुरुवारी लाईट जाते. यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली, दहा मिनिटांत मान टाकते. बिघाड बहुतेक वेळा लाईट जाऊन आल्यावरच व्हायचा. मग काय, निदान तयारच होतं: मशीन धाडकन बंद पडतं, फाईल खराब होते, सर्व्हर उठत नाही. डेटा फोल्डरमध्ये ‘पोस्टमास्टर.पीआयडी’ नावाची छोटी फाईल असते, तिच्या पहिल्या ओळीत चालू सर्व्हरचा प्रोसेस क्रमांक असतो. मशीन अचानक बंद पडलं तर ती तशीच मागे राहते. ‘ती उडवा, सर्व्हर चालू होईल’ हा सल्ला पदोपदी मिळतो. मी उडवली. एकदा चालू झालं, म्हणून पुढचे दोन महिने तोच उपाय. चालू झालं ते फाईल उडवल्यामुळे नव्हतं, त्याबरोबर मी मशीन रिस्टार्टही केलं होतं, त्यामुळे. पोस्टग्रेस उठताना ती फाईल वाचतं, त्यातला क्रमांक आता जिवंत सर्व्हरचा नाही असं दिसलं की स्वतःच जुनी फाईल बाजूला करतं. उलट सर्व्हर खरंच चालू असताना ती उडवली आणि दुसरा सर्व्हर त्याच डेटावर उठला, तर डेटाची कायमची वाट लागू शकते. ती फाईल म्हणजे दाराची कडी आहे. ‘दार उघडत नाही’ म्हणून कडी तोडायच्या आधी आत कोणी आहे का ते बघावं.

याच ओघात ‘पीजी_रीसेटवाल’ चालवायचा सल्लाही सापडला. तो मी चालवला नाही, हे माझं नशीब. ते साधन व्यवहारांची नोंदवही पुसून सर्व्हरला जबरदस्तीने उठवतं. पुसलेल्या नोंदींत काय होतं ते मग कोणालाच सांगता येत नाही. बॅकअप नाही आणि दुसरा कुठलाही मार्ग उरलेला नाही, अशा वेळची ती शेवटची कुऱ्हाड आहे. सर्व्हिस चालू होत नाही एवढ्यावर ती उचलू नये.

लाईट जाण्याने पोस्टग्रेस इतक्या सहज मोडत नाही. बदल आधी नोंदवहीत लिहायचा, मग मूळ फाईलमध्ये, अशी त्याची पद्धत आहे, त्यामुळे अचानक बंद पडल्यावर उठताना ते नोंदवही वाचून अर्धवट राहिलेलं पूर्ण करतं. लॉगमध्ये तसं स्पष्ट येतं: डेटाबेस नीट बंद झाला नव्हता, आपोआप पुनर्प्राप्ती चालू आहे. मग रीडू (नोंदवहीतले बदल पुन्हा करणं) सुरू, रीडू पूर्ण, आणि शेवटी ‘जोडण्या घ्यायला तयार’. डेटा मोठा असेल तर याला वेळ लागतो. तेवढ्यात विंडोजकडे ‘सर्व्हर उठण्याची वाट बघून वेळ संपला’ अशी नोंद पडू शकते. तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये पोस्टग्रेसच्या प्रोसेस दिसत असतील तर गप्प बसायचं. मारून टाकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

आता लॉग. डेटा फोल्डरच्या आत ‘लॉग’ नावाचं फोल्डर असतं, १० व्या आवृत्तीच्या आधी त्याचं नाव ‘पीजी_लॉग’ होतं. त्या दिवशीची फाईल तिथे नसेल, किंवा असून रिकामी असेल, तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, ‘विंडोज लॉग्ज’ खाली ‘ॲप्लिकेशन’, आणि सोर्सच्या रकान्यात पोस्टग्रेएसक्यूएल शोधा. सर्व्हर स्वतःची लॉग फाईल लिहू लागायच्या आधी मेला, तर त्याचे शेवटचे शब्द इथे सापडतात. आमच्याकडे सापडले ते असे:

आयपीव्ही४ पत्ता ०.०.०.० बांधता आला नाही: परमिशन डिनाइड
५४३२ पोर्टवर दुसरा पोस्टमास्टर आधीच चालू आहे का?
फेटल: एकही टीसीपी/आयपी सॉकेट तयार करता आलं नाही

या तीन ओळींनी मला दोन दिशांना पळवलं, आणि दोन्ही चुकीच्या. ‘परमिशन’ दिसलं म्हणून मी डेटा फोल्डरचे हक्क तपासत बसलो. सर्व्हिस ‘नेटवर्क सर्व्हिस’ या खात्याखाली चालते, त्या खात्याला फोल्डरवर पूर्ण हक्क दिले, अँटिव्हायरसमधून फोल्डर वगळलं, फायरवॉलमध्ये नियम टाकला. पण ओळ फोल्डरबद्दल बोलतच नव्हती. ‘बांधता आला नाही’ हे पोर्टबद्दल आहे. फायरवॉलचाही इथे संबंध नाही, ती येणारी जोडणी अडवते, सर्व्हरला पोर्ट घेऊ द्यायचं की नाही हे ती ठरवत नाही. दुसरी ओळ विचारते, दुसरा सर्व्हर चालू आहे का? म्हणून कुठल्या पोर्टवर कोण बसलंय ते दाखवणाऱ्या आज्ञेने हे बघितलं:

नेटस्टॅट -एएनओ | फाइंडस्ट्र ५४३२

उत्तर काहीच नाही. पोर्ट मोकळं. कोणी ऐकत नाही, कोणी बसलेलं नाही, तरी पोस्टग्रेसला तिथे बसायची परवानगी नाही.

इथे एक फरक लक्षात घेतला असता तर माझा महिना वाचला असता. पोर्टवर दुसरा प्रोग्राम खरोखर बसलेला असेल तर तक्रार ‘पत्ता आधीच वापरात’ अशा अर्थाची येते, आणि नेटस्टॅटमध्ये तो चोर क्रमांकासकट सापडतो. ‘परवानगी नाही’ आणि नेटस्टॅट कोरा, ही जोडी एकत्र दिसली की समजायचं, पोर्ट कोणी वापरत नाहीये, कोणीतरी राखून ठेवलंय. एसटीच्या सीटवर माणूस नाही, रुमाल टाकलेला आहे. नेटस्टॅटला फक्त बसलेली माणसं दिसतात.

रुमाल बघायची आज्ञा वेगळी आहे:

नेटएसएच इंट आयपीव्ही४ शो एक्सक्लूडेडपोर्टरेंज प्रोटोकॉल=टीसीपी

दोन रकाने येतात, सुरुवातीचं पोर्ट आणि शेवटचं पोर्ट. आमच्या यादीत शंभर-शंभर पोर्टांचे गठ्ठे होते, आणि त्यातला एक होता ५४०२ ते ५५०१. आमचं ५४३२ बरोबर त्याच्या पोटात.

हे गठ्ठे कोण राखतं? विंडोजमध्ये ‘विननॅट’ नावाची सर्व्हिस आहे. हायपर-व्ही, डब्ल्यूएसएलची दुसरी आवृत्ती किंवा डॉकर डेस्कटॉप बसवलं, की आभासी मशीनना नेटवर्क पुरवायला ती कामाला लागते आणि मशीन उठताना पोर्टांचे गठ्ठे स्वतःसाठी बाजूला काढते. वाचनालयात हे आलं कुठून? ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "मी तर काही टाकलं नाही, दादा. कार्यवाहांचा मुलगा संध्याकाळी येऊन त्याचा अभ्यास करायचा त्यावर." पोरगा डॉकर शिकत होता, घरच्या लॅपटॉपची मेमरी कमी पडत होती म्हणून. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याने डेटाबेसला हातही लावलेला नव्हता. सर्व्हरच्या मशीनचा पासवर्ड मॉनिटरच्या खाली चिठ्ठीवर होता, तो माझ्याच अक्षरात.

पण डॉकर हजारो मशीनवर आहे आणि तिथे पोस्टग्रेसही चालतंच. मग इथेच का? दुसरी आज्ञा:

नेटएसएच इंट आयपीव्ही४ शो डायनॅमिकपोर्ट टीसीपी

विंडोज तात्पुरत्या कामासाठी पोर्ट वाटतं ते कुठल्या पट्ट्यातून, ते यात दिसतं. व्हिस्टापासून हा पट्टा ४९१५२ ला सुरू होतो आणि त्यात १६३८४ पोर्ट असतात, म्हणजे थेट ६५५३५ पर्यंत. आमच्याकडे उत्तर आलं: सुरुवात १०२४, संख्या १३९७७. म्हणजे १०२४ ते १५०००. विननॅट आपले गठ्ठे याच पट्ट्यातून उचलते. पट्टा वर असता तर तिने कितीही रुमाल टाकले तरी ५४३२ ला धक्का लागला नसता. पट्टा खाली सरकलेला, म्हणून दर खेपेला ती पोस्टग्रेसच्या शेजारपाजारी हात घालत होती. मायएसक्यूएलचं ३३०६ आणि एसक्यूएल सर्व्हरचं १४३३ हेही याच पट्ट्यात पडतात, तेव्हा हे दुखणं एकट्या पोस्टग्रेसचं समजू नका.

एवढं कळल्यावर चार महिन्यांची सगळी कोडी एकापाठोपाठ सुटली, आणि खरं सांगायचं तर मला त्या दुपारी चहासुद्धा आठवला नाही.

गठ्ठे कुठे पडतील ते दर खेपेला वेगळं असतं. ५४३२ सापडलं तर बिघाड, सुटलं तर सगळं आलबेल. म्हणून ‘रिस्टार्ट केलं की कधीकधी चालतं’.

लाईटशी संबंध होता, पण मी समजलो तो नाही. विंडोज १० मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर रोजचं शट डाऊन पूर्ण नसतं. वापरणारा लॉग-ऑफ होतो, पण विंडोजचा गाभा आणि पार्श्वभूमीच्या सर्व्हिसेस डिस्कवर गोठवून ठेवल्या जातात आणि सकाळी तशाच परत आणल्या जातात. रात्री पोस्टग्रेस चालू होतं तर सकाळी चालूच, पोर्ट परत मागायचा प्रश्नच नाही. लाईट अचानक गेली की गोठवायला वेळ मिळत नाही, पुढची सुरुवात संपूर्ण पहिल्यापासून होते, आणि रुमाल नव्याने पडतात. विंडोज अपडेटनंतरही तसंच. फाईल कधीच खराब झाली नव्हती. आणि बिघडल्या दिवशी ताई मशीन ‘शट डाऊन’ करून चालू करायच्या, तेव्हा काही फरक पडत नसे, कारण बिघडलेली अवस्थाच गोठून परत यायची. मी जाऊन ‘रिस्टार्ट’ करायचो, ते खरं रिस्टार्ट. त्यावर ताई म्हणायच्या, "तुमचा हात लागला की चालतं बघा." मीही थोडा फुशारलो होतो.

आणखी एक गंमत. मध्यंतरी मी सर्व्हिसचा प्रकार ‘ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)’ केला होता, मशीनला जरा दम खाऊ द्यावा म्हणून. त्यानंतर बिघाड वाढले. वाढणारच. उशिराने सुरू होणाऱ्या सर्व्हिसेस साधारण दोन मिनिटांनी उठतात, तोवर विननॅटचे रुमाल टाकून झालेले. नुसतं ‘ऑटोमॅटिक’ असताना पोस्टग्रेस कधीकधी शर्यत जिंकत तरी होतं. त्याआधी पोर्ट बदलून ५४३३ केलं होतं, तिन्ही संगणकांवर जाऊन. दोन आठवडे चाललं, मग तेच. शंभराच्या गठ्ठ्यात ५४३२ सापडलं तर शेजारचं ५४३३ बहुतेक वेळा सापडणारच. ‘रिकव्हरी’च्या टॅबवर ‘अपयश आल्यास सर्व्हिस पुन्हा सुरू करा’ हेही लावून पाहिलं. रुमाल जागेवर असताना दहा वेळा विचारलं तरी उत्तर एकच.

आता उपाय. काउंटरवर रांग उभी आहे आणि आत्ता चालू करायचं आहे, तर कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा आणि या क्रमाने:

नेट स्टॉप विननॅट
नेट स्टार्ट पोस्टग्रेएसक्यूएल-एक्स६४-१२
नेट स्टार्ट विननॅट

मधल्या ओळीत तुमच्या सर्व्हिसचं नाव घाला, शेवटचा आकडा आवृत्तीचा असतो. विननॅट थांबली की रुमाल उचलले जातात, तेवढ्यात पोस्टग्रेस बसतं, आणि मग विननॅटला उरलेल्या जागेतून घ्यावं लागतं. डॉकर त्या वेळी चालू असेल तर आधी बंद करा, त्याचं नेटवर्क तुटतं. हा फक्त आजच्या दिवसाचा उपाय.

कायमचे दोन आहेत, मी दोन्ही केले. पहिला, पट्टा मूळ जागी नेणे:

नेटएसएच इंट आयपीव्ही४ सेट डायनॅमिकपोर्ट टीसीपी स्टार्ट=४९१५२ नम=१६३८४

हीच आज्ञा आयपीव्ही६ घालून पुन्हा एकदा द्या. परिणाम दिसायला खरं रिस्टार्ट लागतं, शट डाऊन नाही, हे आता सांगायला नको.

दुसरा, ५४३२ वर स्वतःचा रुमाल टाकणे:

नेटएसएच इंट आयपीव्ही४ ॲड एक्सक्लूडेडपोर्टरेंज प्रोटोकॉल=टीसीपी स्टार्टपोर्ट=५४३२ नंबरऑफपोर्ट्स=१ स्टोअर=पर्सिस्टंट

इथे शंका येते की आपणच पोर्ट राखून ठेवलं तर पोस्टग्रेस बसणार कसं. बसतं. प्रशासकाने असं वगळलेलं पोर्ट विंडोज आपणहून कोणाला वाटत नाही, विननॅटही ते उचलत नाही, पण एखाद्या प्रोग्रामने नाव घेऊन तेच मागितलं तर मिळतं. ही आज्ञा देताना ‘फाईल दुसरी प्रोसेस वापरत आहे’ अशी विचित्र तक्रार आली तर घाबरू नका, कुठल्याही फाईलचा संबंध नाही. त्या क्षणी ते पोर्ट विननॅटच्या गठ्ठ्यात आहे किंवा त्यावर कोणीतरी बसलेलं आहे. पोस्टग्रेस आणि विननॅट दोन्ही थांबवा, आज्ञा पुन्हा द्या, मग दोन्ही चालू करा. यादी परत काढली की ५४३२ ची स्वतंत्र ओळ दिसते आणि तिच्यापुढे तारा असतो. तो तारा म्हणजे आपला रुमाल.

डिलेड स्टार्ट काढून टाकलं. मी घातलेला ५४३३ चा घोळही निस्तरला.

हीच चौकट दुसऱ्या कारणांनीही येते, ती भराभर सांगतो. लॉगमध्ये कॉन्फिगरेशन फाईलचं नाव आणि ओळ क्रमांक आला तर तुम्ही शेवटचा जो बदल केला तो चुकलाय. डिस्क भरली असेल तर तसं स्वच्छ लिहून येतं. सर्व्हिस वेगळ्या वापरकर्त्याच्या खात्याखाली चालवत असाल आणि त्याचा पासवर्ड बदलला असेल तर विंडोज १०६९ क्रमांकाची चूक दाखवतं, तिथे पोस्टग्रेस उठलेलंच नसतं, म्हणून त्याच्या लॉगमध्ये काही शोधू नका. फोल्डरचे हक्क खरोखर गेले असतील तर ‘परमिशन डिनाइड’च्या सोबत फाईलचं नाव येतं, पत्ता नाही. लिनक्सवाल्यांना रुमालाचं हे दुखणं सहसा होत नाही, तिथला तात्पुरता पट्टा मुळातच ३२७६८ पासून वर असतो. पण रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर पोर्ट बदलल्यानंतर बांधताना ‘परमिशन डिनाइड’ आलं तर एसईलिनक्स ही तिथली सुरक्षा यंत्रणा बघा, त्याच्या नियमात पोस्टग्रेससाठी ५४३२ लिहिलेलं असतं, तुमच्या मनातलं पोर्ट नसतं.

पुढच्या गुरुवारी मी मुद्दाम सकाळी वाचनालयात जाऊन बसलो. दहाच्या सुमाराला लाईट गेली, यूपीएसने ठरल्याप्रमाणे मान टाकली. पावणेबाराला लाईट आली. मशीन उठलं, लॉग फाईल उघडली: नीट बंद झाला नव्हता, पुनर्प्राप्ती चालू, रीडू पूर्ण, तयार. यादीत गठ्ठे सगळे ४९१५२ च्या वर, खाली ५४३२ ची एकटी ओळ, ताऱ्यासकट. ताईंनी बाहेरून विचारलं, "दादा, रजिस्टर ठेवून देऊ का आत?"

म्हटलं, राहू द्या अजून दोन गुरुवार. आणि यूपीएसच्या बॅटरीचं पत्रक कार्यवाहांकडे पाठवलंय.